राखून ठेवलेली जागा

रेडिओवर गाणं लागलं की वडील मध्येच बोट वर करायचे. ‘ही जागा ऐक.’ एखादी हरकत, एखादी मींड. तेवढ्यापुरता गवई बंदिशीच्या खिडकीतून डोकावून जायचा. असे कान घेऊन मी नरिमन पॉइंटच्या जमशेद भाभा नाट्यगृहात ड्वोर्झाकचा चेलो कॉन्चेर्तो ऐकायला बसलो. इथे प्रत्येकासमोर स्टँडवर सगळं छापलेलं. जागा घ्यायची कुठे?

खरं तर जिथे घेता आली असती, तिथेच ड्वोर्झाकने मनाई केली. कॉन्चेर्तोत मुख्य वादकाला एकट्याने मनमुराद वाजवायला बहुधा एक भाग मिळतो, कडेन्झा. ही रचना ज्याला अर्पण केली त्या हानुश विहानने अखेरच्या भागासाठी तशी कडेन्झा लिहूनही दिली होती. ड्वोर्झाकने ती घेतली नाही, प्रकाशकालाही बजावलं.

कारण योसेफिना. तरुणपणी हिच्यावर त्याचं मन जडलं होतं. तिने दाद दिली नाही आणि पुढे त्याने तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं. (आपल्याकडे या नात्याला आक्कडसासू म्हणतात. इथे तो शब्द अगदीच चालत नाही.) न्यूयॉर्कमध्ये हा कॉन्चेर्तो लिहिताना ती आजारी असल्याचं कळलं, तेव्हा तिच्या आवडीचं आपलंच एक गीत त्याने मधल्या संथ भागात ओवलं. तो मायदेशी परतला आणि मे १८९५मध्ये ती गेली. मग त्याने शेवट बदलला.

तो शेवट आला. लगबग ओसरली, चेलो जवळजवळ पुटपुटू लागला आणि ते गीत अचानक पहिल्या व्हायोलिनवर उमटलं. चेलोवादिका प्रेक्षकांकडे पाठ होईल इतकी त्या व्हायोलिनकडे वळली होती. विहानची कडेन्झा कदाचित फार देखणी झाली असती. नेमकं तेच नको होतं.

मध्यंतरानंतर ब्राम्सची चौथी सिंफनी. ड्वोर्झाक अमेरिकेत असताना त्याची प्रुफं तपासणारा हाच तो मोठा मित्र. माझं लक्ष मात्र तिघा ट्रॉम्बोनवाल्यांकडे. पहिले तीन भाग, अर्धा तास तरी, त्यांना एकही स्वर नाही. वाद्य मांडीवर घेऊन बसायचं. चौथ्या भागाच्या पहिल्याच ठोक्याला ते वाजले! आठ स्वरांची ओळ, आणि तिच्यावर एकामागून एक तीस रूपं. लेहरा फिरत राहावा आणि तबलजीने दर आवर्तनात नवं काही मांडावं, तसं. मध्यावर कुठेतरी गती मंदावली आणि ट्रॉम्बोन अगदी हळू, प्रार्थनेसारखे वाजू लागले.

माझं बोट वर गेलं. शेजारच्या बाईंना वाटलं मी कुणाला तरी खुणावतोय. त्यांनी मागे वळून पाहिलं.