शुद्ध कल्याणपासून सुरुवात कर

नवलाख उंबरे, ता. मावळ, जि. पुणे
नागपंचमी



तुझा निरोप ताईने परवा सांगितला. "मामाला विचार, भीमसेन जोशी ऐकायचे तर सुरुवात कुठून करू? शोधायला गेलं की शेकडो ध्वनिमुद्रणं समोर येतात आणि मी गोंधळून बंद करतो." फोनवर चार नावं सांगून मोकळं होणं मला बरं वाटलं नाही. आवण लावून झालंय, खाचरं भरलीत, बाहेर पाऊस लागून राहिलाय. म्हणून निवांत लिहायला बसलो.

दोन वर्षांपूर्वी तू मला ग्रेटफुल डेड या तुझ्या आवडत्या वाद्यवृंदाची गाणी पाठवली होतीस. सोबत बजावलंही होतंस की, मामा, आधी १९७० सालचे दोन अल्बम ऐक, आणि गाणी ओळखीची झाली की मग मैफलींकडे वळ. तू दिलेलं एक उदाहरण माझ्या पक्कं लक्षात आहे. 'डार्क स्टार' हे गाणं १९६८ साली छोट्या तबकडीवर आलं तेव्हा तीन मिनिटांपेक्षाही लहान होतं. पुढच्याच वर्षी प्रत्यक्ष मैफलीतलं तेच गाणं त्यांनी 'लाइव्ह/डेड'मध्ये घेतलं, ते तेवीस मिनिटांचं. दोन्ही पाठोपाठ ऐकली, तेव्हा तुम्हा मंडळींना त्या वाद्यवृंदाचं एवढं वेड का, ते मला कळलं. गाणं तेच, पण दर रात्री त्याची वाट वेगळी. म्हणून तर श्रोते टेपरेकॉर्डर घेऊन जायचे आणि एकमेकांना मैफली वाटायचे. १९८४ पासून तर रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी त्या वाद्यवृंदानं वेगळी जागाच राखून ठेवली.

अरे, हे ज्याला कळलं त्याला भीमसेन परके नाहीत. तू त्यांच्या उंबरठ्यावरच उभा आहेस.

आपल्याकडेही तबकडीनं गाण्याला माप घातलं. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांच्या आसपास गाणं मावायचं. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी अशाच एका तबकडीवर होती. गदगच्या एका दुकानात ती वाजताना एका पोरानं ऐकली आणि असंच गाता आलं पाहिजे म्हणून १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडलं. विजापूर, ग्वाल्हेर, कोलकाता, दिल्ली, जालंधर असं ते पोर गुरू शोधत भटकलं. जालंधरला विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला सांगितलं की तुझा गुरू तुझ्याच मुलखात आहे. अखेर १९३६ साली ते कुंदगोळला पोचलं, रामभाऊ कुंदगोळकरांकडे, म्हणजे सवाई गंधर्वांकडे. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य. तीन-साडेतीन मिनिटांच्या आवाजानं त्या पोराला उचललं आणि त्या आवाजाच्या घरातच नेऊन सोडलं. १९४४ साली त्या पोराची, म्हणजे भीमसेनांची, स्वतःची पहिली तबकडी एचएमव्हीनं काढली, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते.

पुढे लाँग प्ले तबकडी आली. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं. भीमसेनांचं जे गाणं घरोघरी गेलं, ते मुख्यतः या मापातलं. मैफलीत मात्र नुसता विलंबित ख्यालच पाऊण तास, तासभर चालायचा. तेव्हा तुझ्यासमोर तीन मापं आहेत: तीन-चार मिनिटांचं अभंग-भक्तिगीत, वीस मिनिटांची तबकडी आणि तासाभराची मैफल. सुरुवात मधल्या मापानं कर.

आणि राग घे शुद्ध कल्याण.

का, ते सांगतो. या रागाची चढण भूपासारखी, सा रे ग प ध अशी पाचच सुरांची. उतरताना निषाद आणि तीव्र मध्यम मिंडेत येतात, झाकल्यासारखे. ते उघडे करून दाखवायचे नसतात, पण असतात. भीमसेनांचा आवाज या उतरणीसाठीच घडलाय असं मला नेहमी वाटत आलंय. वरच्या षड्जावरून धैवताकडे येताना ते निषादाला नुसता स्पर्श करतात आणि त्या स्पर्शानं सगळी संध्याकाळ रंगून जाते. एचएमव्हीनं, म्हणजे आताच्या सारेगामानं, काढलेल्या त्यांच्या जुन्या तबकड्यांत शुद्ध कल्याण आहे. ती वीसेक मिनिटं आधी ऐक. रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग आहे, तेव्हा कामावरून आल्यावर, जेवणाआधी लाव. गाडी चालवताना नको.

ऐकताना एवढंच कर. विलंबित एकताल बारा मात्रांचा असतो. मात्रा मोजत बसू नकोस, पण बंदिशीचा मुखडा परत येऊन समेवर पडतो तो क्षण ओळखायला शीक. दोन-चार आवर्तनांनंतर तुझं तुलाच कळेल की आता सम येणार. मग मधल्या मोकळ्या जागेत ते काय करतात तिकडे लक्ष दे. भीमसेनांच्या किराणा घराण्याची रीत अशी की एकेक सूर घेऊन त्याच्याभोवती फिरायचं, तो पुरता दिसेपर्यंत पुढच्या सुराकडे जायचं नाही. भीमसेन ही बढत गुरूंसारखीच करतात, पण पुढे त्यांची म्हणून एक गोष्ट येते: तान. केसरबाई केरकर आणि अमीर खाँसाहेब यांचं गाणं त्यांनी मन लावून ऐकलं होतं आणि त्यातलं जे पटलं ते घरात आणलं. त्यांची तान छातीतून निघते, पल्ला घेत वर जाते आणि समेवर अशी उतरते की ऐकणाऱ्याच्या तोंडून आपोआप दाद निघते.

आता दुसरी पायरी. आठवडाभर हाच शुद्ध कल्याण ऐकलास की त्याच रागाची त्यांची एखादी मैफल शोध, तासाभराची. इथे तुला तुझा 'डार्क स्टार' भेटेल. तबकडीवर जी जागा त्यांनी अर्ध्या मिनिटात घेतली, तिथे मैफलीत पाच मिनिटं थांबलेले दिसतील. आरंभी तंबोरे लागताना ऐकू येतील, ते गाळू नकोस. तंबोरे लागतानाच गाणं सुरू झालेलं असतं. पुष्कळ मैफलींत तबल्याला नाना मुळे आणि पेटीला पुरुषोत्तम वालावलकर भेटतील. पेटी त्यांच्या मागोमाग कशी जाते, तबला ठेका किती साधा आणि भरीव ठेवतो, हे ऐक. तुझ्या वाद्यवृंदात सगळे मिळून वाट शोधतात. इथे वाट एकजण शोधतो आणि बाकीचे त्याच्या पायाखालचा रस्ता सांभाळतात. फरक एवढाच.

एक आठवण सांगतो. मी कंपनीत रात्रपाळीला होतो तेव्हा एका स्नेह्यानं भीमसेनांच्या मैफलीची नव्वद मिनिटांची कॅसेट भरून दिली होती. पंचेचाळिसाव्या मिनिटाला, तान वर चढत असतानाच, एक बाजू संपायची. उठून कॅसेट उलटी करायची, तर दुसरी बाजू सुरू व्हायची ती पुढच्या आवर्तनापासून. मधली सम हरवलेली. कित्येक वर्षं ती सम मी मनात पुरी करत आलो. पहाटे पाळी सुटली की सायकलवरून येताना ती तान गुणगुणायचो आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून समेवर यायचो. पुढे तीच मैफल अखंड मिळाली. अण्णांनी, म्हणजे भीमसेनांनी, तिथे जे केलं होतं ते मला सुचलेल्या कुठल्याच वाटेसारखं नव्हतं, आणि ते ऐकल्यावर दुसरं काही तिथे शोभलं नसतं असं वाटलं. राग म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. म्हणून तुला एकच राग धरायला सांगतोय. दहा राग एकदा ऐकण्यापेक्षा एक राग दहा वेळा ऐकलास तर त्यांचं मन कसं चालतं ते दिसेल.

त्यानंतर मियाँ की तोडी, सकाळी. मग पूरिया धनाश्री, दिवेलागणीला. मग मालकंस, रात्र चढल्यावर. बस. पहिल्या वर्षात एवढेच चार राग. त्यांच्यावर काही जाणकारांचा आक्षेप असायचा की ते फिरून फिरून तेच ठरावीक राग गातात. मला तो आक्षेप कधीच पटला नाही. पन्नास वर्षं तोडी गाऊनही ज्याला तोडीत जावंसं वाटतं, त्याच्याकडे रागांचा तुटवडा नसतो; तोडीत अजून काही उरलंय हे त्याला माहीत असतं. तुझे लोक तेच गाणं शेकडो रात्री वाजवायचे, ते तू दोष म्हणून सांगितलं नव्हतंस.

आता अभंग. तू म्हणशील, मामा, भीमसेन म्हटलं की आजीच्या घरी अभंगच लागायचे, मग ते आधी का नाहीत? कारण ते तुझ्याजवळ आहेतच. १९५३ साली पु. ल. देशपांड्यांचा 'गुळाचा गणपती' हा चित्रपट आला. त्यात गदिमांनी लिहिलेलं आणि पुलंनी चाल दिलेलं आळंदीच्या इंद्रायणीचं गाणं भीमसेनांनी गायलं. ही इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते आणि आपल्या मावळातून देहू-आळंदीला जाते. तिच्याच नावाचा तांदूळ वडगावच्या संशोधन केंद्रानं काढला; आज आमच्या खाचरात उभा आहे तो तोच. त्यामुळे ते गाणं इथल्या माणसाला शिकावं लागत नाही. पुढे राम फाटकांनी चाली दिलेले अभंग आले, श्रीनिवास खळ्यांच्या चाली आल्या, 'संतवाणी'च्या कार्यक्रमांना हजारो माणसं बसू लागली.

पण शुद्ध कल्याण आणि तोडी अंगात मुरल्यावर ते अभंग पुन्हा ऐक. मग कळेल की हा माणूस चार मिनिटांतही ख्यालच गातोय. 'विठ्ठल' हा शब्द तो दहा वेळा उच्चारतो आणि दर वेळी वेगळ्या सुरावरून येतो. आमच्या देवळात एकादशीला भजन असतं, तिथे पखवाजावर एकच चरण घोळवतात, पुढचा माणूस तो उचलतो, आणखी वर नेतो. तीच रीत. भंडाऱ्याच्या डोंगराच्या सावलीत राहणाऱ्या आम्हा लोकांना ती जुनी आहे. तुला ती शास्त्रीय गाण्याच्या दारानं आत येऊन भेटेल, आणि त्यामुळे जास्त टिकेल.

काही गोष्टी सध्या बाजूला ठेव. जुगलबंद्या नंतर. 'मिले सुर मेरा तुम्हारा' सगळ्यांना पाठ आहे, त्यानं अण्णांची ओळख होते, गाण्याची होत नाही. पाच-पाच मिनिटांचे तुकडे जोडून केलेले 'सर्वोत्तम' संग्रह तर ऐकूच नकोस. तुकड्यात त्यांची तान सापडते, पण ती जिथून उगवली ती बढत कापलेली असते. गाण्यामागचा माणूस बघावासा वाटला तर गुलजारांनी त्यांच्यावर केलेला माहितीपट बघ.

शेवटचं. सवाई गंधर्व १९५२ साली गेले. पुढच्या वर्षी भीमसेनांनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू केला आणि आयुष्यभर चालवला. पूर्वी तो रात्रभर चालायचा. तुझी आई आणि मी तळेगावहून लोकलनं जायचो, शाल-सतरंजी घेऊन. कितीतरी वर्षं सांगता त्यांच्याच गाण्यानं व्हायची. उजाडत असायचं, मांडवात थंडी भरलेली असायची, आणि त्या एका आवाजानं हजारो माणसं सरळ होऊन बसायची. अण्णा स्वतः गाडी हाकत गावोगावच्या मैफलींना जात. मुंबईला जाताना आपल्या वडगाव फाट्यावरूनच जात असणार. आज त्या रस्त्याला लागलो की मला ते आठवतात.

२०११ च्या जानेवारीत ते गेले. महोत्सवाच्या नावात आता गुरूच्या नावाशेजारी शिष्याचंही नाव आहे. दर डिसेंबरात तो भरतो. यंदा सुट्टी तेव्हाच काढ. आधी इथे ये, नव्या इंद्रायणीचा भात खा, मग दोघं मिळून पुण्याला जाऊ. तोवर चार महिने आहेत. या चार महिन्यांत शुद्ध कल्याण ऐक, तबकडीवरचा आणि मैफलीतला. दुसरं काही ऐकलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
मामा