एका झाकणासाठी बीदर-गुलबर्गा

बीदर आणि गुलबर्गा या दोन जिल्ह्यांतून जाणारा मराठी यात्रेकरू बहुधा ठरलेल्या वाटेने जातो. हुमनाबादजवळ माणिकनगरला प्रभूंची समाधी, बीदरला किल्ला आणि १४७२ साली उभा राहिलेला महमूद गवानाचा मदरसा, गुलबर्ग्याला शरणबसवेश्वराचे देऊळ व बंदेनवाजांचा दर्गा, आणि अखेरीस भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूर. गुलबर्ग्याचे नाव २०१४ पासून कलबुर्गी झाले असले तरी आमच्या घरांतून अजून गुलबर्गाच म्हटले जाते. वाचकांनी तेवढी सवलत द्यावी. याच वाटेवर यंदा आम्ही देवळांपेक्षा दुकानांच्या पायऱ्या अधिक चढलो. आमच्या १९७४ सालच्या अँबॅसिडरच्या डिस्ट्रिब्यूटरचे झाकण तडकले होते आणि त्याच्या जोडीचे दुसरे झाकण आम्हांला हवे होते.

एवढ्याशा वस्तूसाठी एवढा खटाटोप का, असे कोणी विचारील. आमच्या आईचे वय चौऱ्यांशी. गुडघे दुखतात. नव्या मोटारींत बसावयाचे म्हणजे खाली वाकून आत शिरावे लागते आणि उतरताना कोणीतरी ओढून काढावे लागते. अँबॅसिडरचे दार रुंद, बैठक उंच; आई खुर्चीवर बसावे तशी तीत बसते. दत्तजयंतीला गाणगापूरला जाण्याचा नेम तिने चाळीस वर्षे पाळला आहे आणि गेली काही वर्षे तो या गाडीच्या जोरावरच पाळला जात आहे. श्रावणात गाडी सुरू होईनाशी झाली, आणि डॅशबोर्डामागे हात घातला तर तारांवरचे आवरण बिस्किटासारखे चुरचुरून खाली पडले. एका गॅरेजवाल्याने ‘भंगारात घाला’ असा सल्ला दिला. आईने तो ऐकला आणि काही बोलली नाही. तिचे ते न बोलणेच आम्हांला बाहेर काढावयास पुरेसे होते.

अँबॅसिडरचे सुटे भाग मिळत नाहीत असे नाही. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ही गाडी मे २०१४ पर्यंत निघत होती. त्यामुळे दार मिळते, बंपर मिळतो, पिस्टन मिळतो. अडते ते विजेच्या किरकोळ सामानापाशी, कारण बाहेरचे रूप तेच राहिले तरी आतली विजेची व्यवस्था बदलत गेली. डायनॅमो गेला, अल्टरनेटर आला. पायाने दाबावयाचा डिपर गेला. फ्यूजची पेटी बदलली. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचे हे सारे भाग ज्या पदार्थांचे असत ते दोनच: तारांवर रबर किंवा पी.व्ही.सी., आणि बाकी सगळीकडे ते काळे, चकचकीत बॅकेलाइट.

रबर वाळते, हे कोणालाही कळते. पी.व्ही.सी. मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले तेलकट द्रव्य उष्णतेने हळूहळू निघून जाते आणि आवरण कडक होऊन तडकते. आमच्या भागातला उन्हाळा चाळिशीच्या वर जाणारा, आणि बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी अधिक. तेव्हा थंड हवेच्या गावी जे पन्नास वर्षांत होईल ते इथे तीस वर्षांत झाले तर नवल नाही. बॅकेलाइटची गोष्ट वेगळी. लिओ बेकलँड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनज्ञाने अमेरिकेत १९०७ साली ते सिद्ध केले. साच्यात उष्णता व दाब देऊन एकदा ते घट्ट झाले की पुन्हा कधीही वितळत नाही. हाच त्याचा गुण आणि हीच आमची अडचण. तुटलेले पितळ वितळवून पुन्हा ओतता येते. तुटलेले बॅकेलाइट फक्त टाकून देता येते.

बीदरला हा भेद फार स्पष्ट दिसला. गावान चौकाच्या आसपास बिदरीचे काम चालते. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेली भांडी, त्यांवर कोरून बसवलेली चांदीची तार, आणि शेवटी नवसागर व किल्ल्यातली माती यांच्या लेपाने आणलेला तो गर्द काळा रंग. काही शतके हे गाव धातू ओतत आले आहे. त्याच गावात पंपांच्या मोटारी भरून देणारी दुकाने आहेत. विहिरीवरची मोटर जळली की शेतकरी ती घेऊन इथे येतो. आमचा डायनॅमो आम्ही अशाच एका दुकानात नेला. वयाने सत्तरीच्या पुढचे उस्ताद, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी आर्मेचर हातात फिरवले, नखाने कॉम्युटेटर खरवडला आणि उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशी डायनॅमो नव्यासारखा झाला होता. मग आम्ही तडकलेले झाकण पुढे केले. त्यांनी ते उजेडात धरले आणि परत दिले. “साब, तांबा मेरेकू देओ, पीतल देओ. ये काला माल अपने बस का नै.”

या उस्तादांचे आजोबा निजामाच्या काळात बसच्या कार्यशाळेत होते, असे बोलता बोलता कळले. निजाम सरकारच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ ऑल्बियन बसगाड्या घेऊन मोटारवाहतूक सुरू केली होती, आणि बीदर-गुलबर्गा तेव्हा त्याच राज्यात. त्या कार्यशाळांतून बसलेला हात घराघरांतून खाली उतरत आला. उस्तादांचा मुलगा मात्र मोबाइल दुरुस्त करतो. त्यात वाईट काही नाही. पण डायनॅमो भरणारा माणूस आता कोणत्या गावी शोधावयाचा, हा प्रश्न आम्हांला झाकणापेक्षाही मोठा वाटला.

हुमनाबादला हैदराबाद-सोलापूर हमरस्ता लागतो. रस्त्याच्या कडेला लॉऱ्यांची दुरुस्ती, ट्रॅक्टरचे सामान, टायरांचे ढीग. इथे झाकण मिळाले नाही, पण दुसरा लाभ झाला. ट्रॅक्टरनाही लुकास-टीव्हीएसचेच विजेचे सामान अनेक वर्षे लागत आले आहे, ही गोष्ट मोटारवाल्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. इंडिकेटरचा फ्लॅशर, दिव्याचे होल्डर, बॅटरीच्या जाड तारा हे सारे आम्हांला ट्रॅक्टरच्या दुकानात मिळाले. लॉरीच्या दुकानात मात्र सावध राहावे. तिथले पुष्कळ सामान चोवीस व्होल्टचे असते आणि आमच्या गाड्या बाराच्या.

तारांचे काम तिथल्याच एका तरुण वायरमनने केले, आणि ते पाहण्यासाठी आम्ही दोन दिवस माणिकनगरच्या धर्मशाळेत मुक्काम ठेवला. लुकासच्या पद्धतीत प्रत्येक तारेचा रंग ठरलेला असे: तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी किल्लीनंतरची, हिरवी फ्यूजमधून आलेली, निळी मोठ्या दिव्यांची, तांबडी बाजूच्या दिव्यांची, काळी सांगाड्याची. पन्नास वर्षांच्या धुळीने आणि तेलाने साऱ्या तारा एकाच मातकट रंगाच्या झाल्या होत्या. पोराने युक्ती केली. टोकाशी जिथे रबरी टोपण बसलेले असते ते त्याने मागे सरकवले. खाली मूळ रंग जसाच्या तसा ताजा होता. एकेक तार अशी ओळखून, तिला कागदाची चिठ्ठी बांधून मगच त्याने जुनी काढली व नवी घातली. असे काम घाईने करणारे पुष्कळ भेटतात. सारी गाडी एका लाल तारेने भरून देतात आणि पुढच्या मिस्त्रीच्या शिव्या खातात.

दिव्यांच्या जुन्या स्विचला आम्ही हात लावला नाही. तो मिळणारा नव्हता. या गाड्यांत मोठ्या दिव्यांचा सगळा प्रवाह त्या बोटभर बॅकेलाइटच्या स्विचमधून जातो. पंचेचाळीस वॉटचे दोन दिवे म्हणजे साडेसात अँपिअर. स्विच तापतो आणि एक दिवस फुटतो. वायरमनने मध्ये रिले बसवला. आता स्विचमधून रिलेपुरता नाममात्र प्रवाह जातो, दिव्यांचा भार रिले वाहतो, आणि उजेडही पूर्वीपेक्षा चांगला पडतो. जुनी वस्तू मिळत नसेल तर तिच्यावरचा भार कमी करावा. शंभर-दोनशे रुपयांत होणारे काम आहे.

फ्यूजविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण त्यात घर जळण्याइतका धोका आहे. जुन्या लुकास फ्यूजवर ३५ हा आकडा असतो. तो फ्यूज किती अँपिअरला वितळेल याचा आकडा आहे. सतत वाहावयाचा प्रवाह त्याच्या निम्मा, सुमारे सतरा. आज बाजारात काचेचा ३५ चा म्हणून जो फ्यूज मिळतो, तो पुष्कळदा सतत पस्तीस अँपिअर वाहू देणारा असतो. तो घातला तर तार आधी जळेल आणि फ्यूज नंतर. फ्यूजला सिगारेटची चांदी गुंडाळणाऱ्यांविषयी तर बोलूच नये.

झाकण अखेर गुलबर्ग्यात मिळाले. सुपर मार्केटच्या गर्दीतून आत एका बोळात सुट्या भागांचे जुने दुकान आहे. मालक घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी दखनी आणि आमच्याशी आमच्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलणारे. त्यांनी शिडी लावून वरच्या फळीवरचे खोके काढले. आत पिवळ्या पडलेल्या कागदात गुंडाळलेले झाकण, कधीही न वापरलेले. आम्ही हरखलो. त्यांनी शेजारचे कंडेन्सरचे खोकेही काढले, पण हातात देण्याऐवजी ते बाजूला ठेवून म्हणाले, “हे घेऊ नका. झाकण खोक्यात म्हातारे होत नाही, कंडेन्सर होतो.”

दुकानदाराने स्वतःचा माल न घेण्याचा सल्ला द्यावा, हे आजकाल दुर्मीळच. आणि त्यांचे म्हणणे शास्त्रालाही धरून होते. बॅकेलाइट, पितळ, चिनी माती ही जुन्या साठ्यातली असली तरी चालते. उन्हातान्हाचा मार बसलेला नसतो. रबर आणि कंडेन्सर मात्र नुसते पडून राहिले तरी बिघडतात. ते नवेच घ्यावे. नवा रोटर घ्यावयाचा तर तोही पाहून घ्यावा. अलीकडच्या काही रोटरांत मधली पितळी पट्टी ज्या रिव्हेटने बसवतात ती खाली इतकी लांब उतरते की ठिणगी तिथूनच दांड्याला जाते आणि गाडी ऐन रस्त्यात बंद पडते.

आमच्या जुन्या झाकणाला काय झाले होते तेही त्यांनी दाखवले. केसाएवढी तड, आणि तिच्या कडेने पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ. दमट हवेत ठिणगी तडेतून पळते, पळताना कोळशाची वाट पाडते, आणि एकदा वाट पडली की तिला तीच सवय लागते. कानशीने घासून चार दिवस काम चालते, अधिक नाही. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडले तर असल्या झाकणावर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. घरी जुनी गाडी असेल त्यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.

हैदराबादच्या राणीगंजला किंवा पुण्याच्या नाना पेठेत हे सारे एका दिवसात मिळाले असते, असे आम्हांला पुष्कळांनी सांगितले. मिळालेही असते. ज्या घडणीचे इंजिन आमच्या गाडीत आहे तेच ब्रिटनमध्ये एम. जी. गाड्यांना होते, त्यामुळे तिकडे असे सामान आजही नव्याने घडवले जाते आणि घरबसल्या मागवताही येते. पण झाकण मागवता येते. ते बसवून पॉइंटचा फासला पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचा पंधरा सहस्रांश, बिनचूक लावणारा माणूस मागवता येत नाही. तो हुमनाबादच्या रस्त्याकडेला किंवा बीदरच्या चौकातच भेटतो, आणि आपण गेलो नाही तर तो दुकान बंद करतो.

योग्यतेची तपासणी दसऱ्यानंतर झाली. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आहे, परंतु तीत नित्य वापराची मुभा नाही. म्हणून आम्ही पाच वर्षांची साधीच नोंदणी पुढे चालू ठेवली. दिवे, हॉर्न, इंडिकेटर सारे लागले. दत्तजयंतीला आई पुढच्या बैठकीवर बसून गाणगापूरला गेली. संगमावर उतरली ती स्वतःच्या पायांनी.

पायाचा डिपर मात्र अजून मिळालेला नाही. सध्याचा दोनदा दाबला तर एकदा लागतो. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या वाड्यात, माळ्यावर वा पेटाऱ्यात, १९७५ पूर्वीच्या अँबॅसिडरचा असा डिपर पडून असेल तर त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर अवश्य कळवावे. झाकणही एक जास्तीचे घेऊन ठेवले आहे. ज्याला गरज असेल त्याने बदल्यात न्यावे.