डावा पाय कुठे ठेवायचा

ड्रम्स वाजवणाऱ्याचा डावा पाय कधीच रिकामा नसतो, हे ऐकणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. उजवा पाय किक, म्हणजे बास ड्रम, वाजवतो. ते दिसतं, छातीत जाणवतंही. डावा पाय हाय-हॅटच्या पेडलवर असतो. झांजांची ती जोडी तो घट्ट मिटवून धरतो, किंचित सैल सोडतो, दोन ठोक्यांच्या मध्ये उघडून पुन्हा मिटतो. गाण्याची चाल बरीचशी तिथे ठरते. मेटल वाजवायचं म्हटलं की याच पायाला आणखी एक काम लागतं, उजव्याच्या बरोबरीने किक वाजवण्याचं. त्यासाठी दोनच रस्ते आहेत. दुसरा बास ड्रम घ्यायचा, नाहीतर एकाच ड्रमवर दोन बीटर मारणारं डबल पेडल घ्यायचं.

मी पुण्यात एका मेटल बँडमध्ये वाजवायला लागलो तेव्हा ओळखीतला एक ड्रमर परदेशी निघाला होता. माझ्या सेटशी जुळणारा, 22 इंच व्यासाचा त्याचा बास ड्रम तो विकत होता. एका चांगल्या डबल पेडलला पडले असते साधारण तेवढेच पैसे तो मागत होता आणि मला दोन्हींतलं एकच परवडणार होतं. तो म्हणाला, "घाई करू नकोस, जाईपर्यंत तुझ्याकडेच ठेव, वाजवून बघ." दुसऱ्या एका मित्राने आपलं डबल पेडल वापरायला दिलं. तो अख्खा पावसाळा आमच्या जॅमरूममध्ये दोन्ही माझ्या हाताशी होतं, खरं तर पायाशी.

मन दोन ड्रम्सकडे ओढत होतं, हे सांगायला हवं. ज्यांना ऐकत मी मोठा झालो त्यांच्या मागे दोन बास ड्रम असायचे. ही कल्पना लुई बेलसनची. शाळकरी वयात चित्रकलेच्या वर्गात त्याने दोन बास ड्रम्सच्या सेटचं चित्र काढलं. पुढे तो सेट खरोखर बनला आणि ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात तो त्यावर वाजवू लागला. 1966च्या सुमारास क्रीमचा जिंजर बेकर आणि द हूचा कीथ मून यांनी हा सेट रॉकमध्ये आणला. मोटरहेडचं 1979चं 'ओव्हरकिल' तर फिल टेलर दोन ड्रम्सवर पाय बसवण्याचा सराव करत होता त्यातूनच जन्मलं. स्लेयरच्या 'एंजल ऑफ डेथ'मध्ये सगळी वाद्यं थांबतात आणि डेव्ह लोम्बार्डोचे नुसते दोन पाय ऐकू येतात. त्या जागेवर मी अजूनही सगळं सोडून थांबतो. डबल पेडलचे प्रयत्न आधीपासून चालू होते, पण ड्रम वर्कशॉपचं 5002 हे पेडल आलं 1983मध्ये, आणि त्यानंतर दुसऱ्या ड्रमची सक्ती उरली नाही.

आमचे सर जॅमरूमवर आले तेव्हा मी दोन्ही ड्रम शेजारी शेजारी लावून बसलो होतो. त्यांनी सेटभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "अरे, तू ड्रम काय बघतोस? हाय-हॅट कुठे गेलीय ते बघ."

ती खरंच लांब गेली होती. दुसरा बास ड्रम बसतो तो नेमका हाय-हॅटच्या जागेवर. स्टँडचा एक पाय त्या ड्रमच्या रिमला अडतो, म्हणून स्टँड डावीकडे सरकवावा लागतो. झांजा ड्रमच्या वर याव्यात म्हणून उंचीही वाढवावी लागते. माझा उजवा हात आता स्नेअरवरून पार पलीकडे पोहोचत होता. खांदा वर उचलला जात होता. तासाभराच्या सरावानंतर मानेच्या उजव्या बाजूला रग लागायची. खाली डाव्या पायाला किकच्या पेडलवरून हाय-हॅटच्या पेडलवर जायला आधीपेक्षा मोठा पल्ला. वेगवान तुकडा संपून पुढची ओळ मिटलेल्या हाय-हॅटवर सुरू होणार असेल, तर त्या पल्ल्यातच पहिला ठोका निसटतो.

पण मांड्यांचं सुख वेगळंच होतं. दोन्ही पाय मधल्या रेषेपासून सारखेच उघडे, दोन्ही गुडघ्यांचा कोन एक, दोन्ही पेडलं जुळी. डाव्या पायाला पहिल्यांदाच उजव्यासारखं वागवलं जात होतं. मी काही गाणी नुसत्या डाव्या पायाने वाजवायचो. नडगीचा पुढचा स्नायू जळायला लागायचा, पण ठोका स्वच्छ पडायचा.

त्या स्वच्छतेचं कारण साधं आहे. 180च्या लयीत एका मात्रेत चार ठोके वाजवले तर सेकंदाला बारा ठोके होतात, प्रत्येक पायाचे सहा. दोन ड्रम असतील तर प्रत्येक कातड्याला पुढच्या ठोक्यापर्यंत सेकंदाचा सहावा भाग मिळतो. एकाच ड्रमवर हा वेळ निम्मा होतो. 22 इंची ड्रमचा नाद तेवढ्यात विरत नाही, म्हणून दुसरा बीटर हलत्या कातड्यावर आपटतो आणि पायाला मिळणारी उसळी दर वेळी थोडी वेगळी लागते. बोटांना ती जाणवत नसेल, पायाला नक्की जाणवते. आत उशी ठोसून कातडं लवकर गप्प केलं की फरक बराच कमी होतो. मेटलवाले तसंही उशी घालतातच.

मग मी फोनवर रेकॉर्ड करून आमच्या गिटारिस्टला आणि बासवाल्याला ऐकवलं. डबल पेडलवर डावा ठोका कुठला आणि उजवा कुठला, ते त्यांना सांगता येईना. दोन ड्रम्सवर मात्र लगेच कळत होतं. ड्रम एकाच मापाचे, कातडी एकाच कंपनीची, प्रत्येक बोल्ट कान लावून सारखा पिळलेला, तरी दोघांचा आवाज जुळ्या भावांइतकाही जुळेना. वेगात वाजवताना ठोके सरळ रेषेत न येता इकडून तिकडे झोके घेतल्यासारखे ऐकू यायचे. कुणाला हे आवडतं. मला नाही. मला ते बारा ठोके एका माळेतले हवे होते.

डबल पेडल म्हणजे सगळं सोपं असंही नाही. डाव्या पायाखालचं पेडल, ज्याला सगळे स्लेव्ह म्हणतात, ते एका शाफ्टने मुख्य पेडलला जोडलेलं असतं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना फिरते सांधे. त्या सांध्यांत केसभर ढिलाई आली तरी डावा ठोका मागे पडतो, आणि शाफ्टच्या वजनामुळे पेडलही थोडं जड लागतं. मी डावीकडची स्प्रिंग उजवीपेक्षा किंचित घट्ट ठेवतो, म्हणजे बीटर वेळेवर परत येतो. फरशीवर स्लेव्ह सरकतं, त्यामुळे खाली जाड गालिचा हवाच. बास ड्रम मधोमध नसतो, थोडा उजवीकडे जातो, त्यामुळे सेट किंचित वाकडा लावावा लागतो. मला वाटतं, या वाकडेपणाची सवय होते. लांब गेलेल्या हाय-हॅटची होत नाही.

निकाल लागला तो स्टेजवर. कॉलेजच्या फेस्टिव्हलांमध्ये साउंडवाल्याचाच सेट असतो. आपण स्नेअर, झांजा आणि पेडल घेऊन जायचं. आधीचा बँड उतरल्यावर मिळणाऱ्या दहा-पंधरा मिनिटांत सगळं लावून साउंडचेक उरकायचा. बास ड्रमला माइक एकच. दुसरा ड्रम आणला तर त्याला दुसरा माइक, मिक्सरवर दुसरं चॅनेल, आणि तो जुळवून घ्यायला साउंडवाल्याची मर्जी. शिवाय तो ड्रम रिक्षात मांडीवर घेऊन जायचा, पावसात. पेडल माझ्या पाठीवरच्या बॅगेत बसतं. ज्या बँडच्या मागे स्वतःचा ट्रक आणि सेट लावणारी माणसं असतात त्यांचं गणित निराळं. आमच्याइथल्या बँडांकडे ते नसतं, आणि आपलं वाद्य आपण जिथे वाजवणार आहोत तिथलं हवं, असं मला मनापासून वाटतं.

याच सगळ्या काळात मला सतत आठवायचा तो आयर्न मेडनचा निको मॅकब्रेन. 2008च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात ते वाजवायला आले होते. आम्ही पुण्याहून झुंडीने गेलो होतो. निकोच्या सेटला बास ड्रम एक आणि पेडलही एक. इतरांना दोन पाय लागतील असे तुकडे तो एका उजव्या पायाने काढायचा, आणि डावा पाय पूर्ण वेळ हाय-हॅटवर. त्या मैदानात उभं राहून मी त्याच्या हाय-हॅटकडे कान लावून होतो. दोन पायांचा वेग मिळवताना ती हाय-हॅट गमवायची नाही, हे मनात तिथेच रुजलं असावं.

शेवटी मी डबल पेडल घेतलं. स्लेव्ह पेडल हाय-हॅटच्या पेडलला अगदी चिकटून ठेवतो. स्टँड दोन पायांचा घेतला, म्हणजे मध्ये काही अडत नाही. टाच फिरवली की डावा पाय इकडून तिकडे जातो. लांब डबल किकच्या तुकड्यांसाठी ड्रॉप क्लच आहे. काठीने त्याची कळ पाडली की वरची झांज खालच्या झांजेवर बसते आणि पाय मोकळा होतो. झांजा नुसत्या वजनाने मिटलेल्या असल्यामुळे आवाज थोडा सैल येतो, पण त्या गोंगाटात तेवढं चालतं. पुन्हा पेडल दाबलं की हाय-हॅट पायाच्या ताब्यात.

तो बास ड्रम फ्यूजन वाजवणाऱ्या एकाने नेला. त्याच्याकडे कायमची लावलेली खोली आहे. त्याने तो ड्रम पहिल्याशी जुळवलाच नाही, मुद्दाम वरच्या स्वरात पिळला, आतली उशी काढून टाकली. एक पाय खर्जात आणि दुसरा वर, असा तो पायांनी दोन स्वरांचा ठेका धरतो. तिथे तो ड्रम माझ्याकडे कधी वाजला नसता इतका सुरेख वाजतो. हाय-हॅटचं काय केलंस, असं मी विचारलं तेव्हा त्याने केबलवर चालणारी हाय-हॅट दाखवली. पेडल खाली दोन ड्रम्सच्या मध्ये, झांजा वर हव्या त्या जागी. केबलमुळे पेडल जरा जड चालतं, आणि त्या स्टँडला पैसेही चांगलेच मोजावे लागतात.