निळा पंप

पंप दाबला की फुस्स करून जे बाहेर येतं त्यात औषध अगदी चिमूटभर. बाकी सगळा गॅस! मी लहानपणापासूनचा दमेकरी, त्यामुळे हे यंत्र कायम खिशात. आतला गॅस बहुतेक वेळा एचएफसी-१३४ए, म्हणजे गाड्यांच्या एसीत वर्षानुवर्षं वापरलेला तोच. शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १३०० ते १५०० पट तापदायक. गंमत म्हणजे हा आला तोच पर्यावरणासाठी. आधीच्या पंपांतले सीएफसी ओझोनचा थर खायचे, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ते हळूहळू काढले. एक बग फिक्स केला, दुसरा रिलीज झाला. आपल्या धंद्यात होतं तसंच :)

सध्या मुक्काम इंग्लंडात. इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, कार्बनपैकी सुमारे ३ टक्के नुसते इनहेलर्स! म्हणून जीपी (आपले फॅमिली डॉक्टर हो) हल्ली पावडरचा इनहेलर सुचवतात. त्यात गॅसच नाही, आपणच ओढायचं. स्वीडनमध्ये बहुतेक लोक तोच वापरतात. आणि पुण्यात माझी आजी रोटाहेलरमध्ये कॅप्सूल घालून खटकन फिरवायची नि ओढायची. तिला कुणी 'ग्रीन' म्हटलं नाही. स्वस्त पडायचं, बस्स.

पण म्हणून सगळ्यांचे पंप सरसकट बदलायचे, हे काही मला पटत नाही. लहान पोरं, थकलेली म्हातारी माणसं यांच्या श्वासात तेवढा जोर नसतो. त्यांना पंप आणि स्पेसरच हवा. शिवाय तंत्र उलटं: पंपाला हळू आणि खोल, पावडरला जोरात. न शिकवता डबी बदलली तर औषध घशात आणि दमा जागच्या जागी.

खरी मेख निळ्या पंपात आहे. माझा रूममेट वर्षाला सात-आठ निळे संपवायचा. ब्रँडप्रमाणे एकेकाचा हिशेब साधारण १० ते २८ किलो कार्बन डायऑक्साइड. पण ते सोडा. निळा फक्त आवळलेल्या नळ्या तात्पुरत्या सैल करतो, आतली सूज तशीच राहते. मेमरी लीक शोधायचं सोडून रोज सर्व्हर रिस्टार्ट करावा तसं! २०१४ मध्ये इथे दम्यानं झालेल्या मृत्यूंचा राष्ट्रीय आढावा निघाला. त्यात कित्येकांना आदल्या वर्षभरात १२ हून जास्त निळे लिहून दिलेले आढळले. म्हणजे धोक्याची घंटा प्रिस्क्रिप्शनमध्येच वाजत होती की. नोव्हेंबर २०२४ च्या नव्या गाइडलाइननं तर नुसता निळा देऊच नका असं सांगितलंय.

रूममेटला रिव्ह्यूत नर्सनं सूज उतरवणारं औषध असलेला पावडरचा इनहेलर दिला, समोर बसवून ओढायला शिकवला. आता पठ्ठ्या रात्री झोपतो (आणि मीही). जुने निळे पंप पिशवीत भरून फार्मसीत परत देऊन आला. रिकाम्या पंपातही गॅस उरतो, तो कचऱ्यात टाकायचा नसतो.