जादूचा परवाना

दारूबंदीच्या काळातल्या शिकागोत जादूगार सोडायचे म्हटलं की नवा लेखक आधी मंत्र जमवायला बसतो. मी कायदा वाचायला घेतो. अमेरिकेतली ती बंदी जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३ चालली आणि तिच्या पळवाटा कुठल्याही मंत्राहून सुरस आहेत. डॉक्टरची चिठ्ठी असली की औषधाच्या दुकानात व्हिस्की राजरोस मिळे. चर्चमधल्या विधींसाठी वाइनला मुभा होती. आता व्हिस्कीच्या जागी जादू ठेवा. हवेत तरंगायची चिठ्ठी कोण देणार, फी किती घेणार, खोट्या चिठ्ठ्या कोण छापणार? कर्जबाजारी डॉक्टर, हप्तेखाऊ पोलीस, टोळीचा दादा, सगळे न बोलावता हजर होतात. (मराठी वाचकाला हे फोड करून सांगावं लागत नाही. तब्येतीसाठी दारूचा परवाना ही भानगड १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यापासून आपल्या ओळखीची आहे.)

लॅरी कोरेयाच्या ‘हार्ड मॅजिक’ कादंबरीतला जेक सलिव्हन मला आवडतो तो याचमुळे. गुरुत्वाकर्षण कमी-जास्त करणारा हा गडी महायुद्धातून आलेला, तुरुंग भोगलेला खासगी गुप्तहेर आहे. शक्ती असूनही सरकारच्या तालावर नाचणं त्याला चुकत नाही. पुढे मात्र हवाई जहाजं येतात, टेस्लाचं महाअस्त्र येतं, जग वाचवायची वेळ येते आणि माझा रस उतरतो. जग वाचवणं हे गुन्हेगारी कथेचं काम नव्हे. पिंकर्टन या गुप्तहेर संस्थेत नोकरी केलेल्या कादंबरीकार हॅमेटने १९२९च्या ‘रेड हार्वेस्ट’मध्ये एका खाणीच्या गावापुरतंच पाहिलं, तेही गाव धड निर्मळ झालं नाही.

माझ्या हातातल्या कथेचा खलनायक मनं वाचतो. त्याला हरवायला मोठा मांत्रिक आणायचा मोह होतोच. पण १९३१मध्ये शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन अडकला तो खुनांसाठी नव्हे, प्राप्तिकर बुडवल्याबद्दल, आणि ११ वर्षांसाठी आत गेला. त्याच्या माणसांनी ज्यूरी फोडायचा घाट घातला होता, तर न्यायाधीश विल्करसन यांनी ऐन वेळी ज्यूरीच बदलली. मी तेच उचललंय. माझा खलनायक बारा जणांची मनं वाचून, प्रत्येकाचा भाव ठरवून कोर्टात येतो, तर समोर बारा अनोळखी चेहरे. त्यांचीही मनं तो वाचेल, पण खातेवही वाचून दाखवणाऱ्या कारकुनाच्या मनात आकड्यांखेरीज काही नाही.