कळ आणि काळ

साडेतीन तपांहून अधिक काळ जालना जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत वैद्यकीचा व्यवसाय केल्यावर, आणि त्या अवधीत मृगाच्या पहिल्या सरीपासून दिवाळीच्या कापूसवेचणीपर्यंत दरवर्षी न चुकता दाराशी येणारे सुजलेले हात, ठणकणारे पाय व भेदरलेले चेहरे पाहिल्यावर, एका गोष्टीविषयी माझी खात्री पटली आहे : दंशाची कळ आणि दंशाचा धोका यांचे माप एक नाही. हे वाक्य लिहावयास सोपे आहे. मला ते ज्या रात्री समजले, त्या रात्रीची हकीकत पुढे यथाक्रम येईलच.

रुग्ण आला की त्याचा पहिला जबाब बहुधा एकच असतो : ‘काहीतरी चावलं.’ या ‘काहीतरी’चा पंचनामा करणे हे वैद्याचे पहिले काम. वेळ दिवसाची की रात्रीची, हात कशात घातला होता, एकदाच टोचले की पुनःपुन्हा, कातडीत काटा राहिला आहे काय, हे चार प्रश्न शांतपणे विचारले, तर निम्मे निदान तपासणीपूर्वीच होते. मोसंबीच्या बागेत फांदी वाकविताना भरदिवसा दोन-तीनदा टोचले आणि काटा मागे राहिला नाही, तर ती गांधीलमाशी. तिची नांगी गुळगुळीत असल्यामुळे ती हवी तितक्या वेळा वापरू शकते. मधमाशीची नांगी मात्र करवतीसारखी दातेरी असते. ती कातडीत रुतते, विषाच्या पिशवीसह तुटून तेथेच राहते, माशी मरते, आणि तिच्यामागे ती पिशवी स्वतःच्या बळावर विष ओतीत राहते. हा काटा चिमटीत धरू नये, बोथट पात्याने खरवडून काढावा, असे मी कित्येक वर्षे लोकांना बजावीत आलो. परंतु पिशवीतले बहुतेक विष पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या आतच उतरते, तेव्हा पाते शोधण्यात घालविलेला वेळच अधिक महाग पडतो, हे पुढे प्रयोगांनी सिद्ध झाले आणि मला माझा उपदेश मागे घ्यावा लागला. नखाने, चिमटीने, जसा निघेल तसा काटा तत्काळ काढावा. नंतर थंड पाण्याची पट्टी व वेदनाशामक गोळी एवढा इलाज बहुतेकांना पुरतो. त्या जागी लोखंड घासण्याचा जो प्रघात आपल्याकडे आहे त्याने अपाय होत नाही. उपकार मात्र लोखंडाचा नसून थंडाव्याचा आहे.

आग्या मोहोळाची गोष्ट निराळी. सातेरी किंवा फुलोरी माशी चुकून चावते. आग्या मात्र सैन्य घेऊन चालून येते. एका माशीने काटा मारला की पिकल्या केळ्यासारखा एक वास सुटतो, आणि तो वास म्हणजे इतरांस हल्ल्याचा हुकूम असतो. अशा वेळी हात झाडीत उभे राहणे किंवा माशा चिरडणे म्हणजे त्या हुकुमावर शिक्कामोर्तब करणे होय. तोंड झाकून सरळ दूर पळावे आणि घर, मोटार, जे बंद करता येईल त्याचा आसरा घ्यावा. शेकडो दंश झाले तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, म्हणून असा रुग्ण हिंडताफिरता दिसला तरी त्याला घरी धाडू नये. उलटपक्षी एखाद्या प्रकृतीला एकच दंश पुरतो : पाच-दहा मिनिटांत अंगभर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ सुजतात, आवाज घोगरा होतो, श्वास कोंडतो. तेथे गोळ्या-मलमांत वेळ दवडू नये. मांडीच्या बाहेरील स्नायूत अड्रेनॅलिनचे इंजेक्शन, तेही ताबडतोब, हाच प्राणरक्षक इलाज होय.

काही ‘दंश’ तर दंशच नसतात. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा, मुंगीएवढा, तांबड्या-काळ्या पट्ट्यांचा एक भुंगेरा मानेवर किंवा दंडावर चिरडला जातो, त्याच्या शरीरातला दाहक द्रव पसरतो, आणि दुसऱ्या दिवशी चाबूक ओढल्यासारखी लाल रेघ उठते. कोपराच्या घडीत असेल तर समोरासमोर दोन चट्टे उमटतात. रुग्ण शपथेवर सांगतो की रात्री काहीतरी चावले. साबण-पाण्याने जागा धुणे, आणि किडा अंगावर दिसला तर न चिरडता फुंकर मारून उडविणे, एवढ्याने काम भागते.

नावाने किती अनर्थ होतो याचा अनुभव २०२२ च्या सप्टेंबरात आला. उसावर व गवतावर आढळणाऱ्या, हिरवट रंगाच्या, अंगावर काट्यांचे झुबके असलेल्या एका अळीला कोणी ‘घोणस अळी’ म्हटले, आणि मराठवाड्यापासून नगर-सोलापूरपर्यंत अशी आवई उठली की ही चावली की माणूस घोणस सापाने चावल्यासारखा मरतो. माणसे उसात जाईनात. वास्तविक ही अळी चावतच नाही. तिला स्पर्श झाला की तिचे पोकळ काटे कातडीत मोडतात आणि त्यांतील विषाने निखारा ठेवल्यासारखी आग होते. चिकटपट्टी त्या जागेवर दाबून ओढली की काटे पट्टीला लागून येतात. पुढे बर्फ आणि खाज-सूज उतरविणारी गोळी. थोड्या तासांत कळ ओसरते. कृषितज्ज्ञांनी तसा खुलासाही केला. परंतु खुलासा पायी चालतो आणि आवई घोड्यावर बसून जाते. माझ्याकडे आलेला एक धिप्पाड गडी सलाईन लावल्यावाचून उठेना. अखेर त्याच्या समाधानासाठी नव्हे, तर त्याच्या आईच्या समाधानासाठी मी ती लावली, आणि त्याबद्दल मला अजूनही थोडी लाज वाटते.

आता विंचवाकडे वळतो. प्राणिशास्त्राच्या दप्तरात विंचू कीटकांच्या खात्यात मोडत नाही. त्याला आठ पाय असून त्याची नोंद कोळ्याच्या गोतात आहे. पण दंश झालेला माणूस पाय मोजून येत नाही. आपल्या मुलखात दोन विंचू ओळखता आले तरी पुष्कळ झाले. काळी, धिप्पाड, जाड नांग्यांची आणि त्या मानाने बारीक शेपटीची इंगळी दिसायला भयंकर. तिच्या दंशाने माणूस ओरडतो, पण सहसा मरत नाही. लाल विंचू तिच्यापुढे किरकोळ दिसतो : तांबूस पिवळा रंग, सडपातळ नांग्या, शेपटी मात्र जाड. काळ याच शेपटीत वसतो.

१९७९ साली मी भोकरदन तालुक्यात नवखा डॉक्टर होतो. सात-आठ वर्षांचा एक मुलगा, सरपणाच्या ढिगात हात घातल्यावर लाल विंचू चावून, आधी देवळात मांत्रिकाकडे, मग माझ्याकडे आणला गेला. आजीने समाधानाने सांगितले, ‘साहेब, कळ उतरली, लेकरू निजलं.’ मीही समाधान पावलो. मात्र मुलाचा बाप कपाळ पुसत होता, स्वतःचे नव्हे, मुलाचे. तो म्हणाला, ‘कळ गेली, मंग ह्याला घाम काऊन येऊ राहिला?’ त्या प्रश्नाचे उत्तर मजपाशी नव्हते. हातपाय बर्फासारखे गार होते, उलट्या झाल्या होत्या, नाडी दोऱ्यासारखी लागत होती. पहाटे तोंडाला गुलाबी फेस आला.

त्याच सुमारास रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉ. हिंमतराव बावस्कर याच प्रश्नाचा पिच्छा पुरवीत होते, हे मला पुढे कळले. बावस्कर मूळचे आमचेच, भोकरदन तालुक्यातील देहेडचे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात येण्यापूर्वी ते गाव औरंगाबाद जिल्ह्यात मोडे. रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी नोंदी केल्या, त्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकात छापून आल्या. त्यांतून निष्पन्न झाले ते असे : लाल विंचवाचे विष मज्जातंतूंना चेतवून रक्तात उत्तेजक द्रव्यांचा पूर लोटते, रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात, त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध झुंजून हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. ऐंशीच्या दशकात त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी योजिली. ती वाहिन्यांची ती आवळ सोडविते. जेथे गंभीर बाधा झालेल्या शंभरांपैकी तीस-चाळीस दगावत, तेथे हे प्रमाण एकाच्या आसपास आले. पुढे २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी ७० रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली : केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर जोडीला प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२. सरकारने २०२२ साली त्यांस पद्मश्री दिली.

मांत्रिकावर मी रागावत नाही. विंचवाचे बहुसंख्य दंश केवळ कळ देतात आणि काही तासांनी आपोआप उतरतात. त्याचे श्रेय, आघाड्याचे मूळ उगाळणारा असो की मंत्र पुटपुटणारा, जो जवळ असेल त्याला मिळते. अशा निव्वळ कळीवर बधिरतेचे इंजेक्शन आणि बर्फ पुरे. चिरा देऊ नये, दोरी आवळू नये, डाग देऊ नये. परंतु ज्याला खरी बाधा झाली त्याची कळ पुष्कळदा फिकी असते, आणि इलाज लागू पडून हातपाय ऊबदार होऊ लागले की तीच कळ परत येते. माझ्या खाटेवर मूल पुन्हा रडू लागले की आया घाबरतात, आणि मी मात्र त्या रडण्याची वाट पाहत बसलेला असतो. प्राझोसिन दिल्यावर रुग्णाला आडवेच ठेवावे लागते, कारण पहिल्या मात्रेने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. म्हणून ही गोळी घरच्या घरी देण्याची नव्हे.

दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणाऱ्या वाचकांस एवढीच विनंती. सरपण, विटा, कडब्याच्या पेंढ्या उचलताना उघडा हात घालू नये. जोडा झटकल्यावाचून पायात घालू नये. आणि विंचू चावलेले मूल शांत निजले आहे असे कोणी सांगितले, तर त्याच्या तळपायाला हात लावून पाहावा. तो गार लागला, तर उजाडण्याची वाट न पाहता गाडी काढावी.