पासबुकावरचा शिक्का

आमच्या चाकणला कांद्याचा बाजार आजही भरतो. पण आसपासच्या कित्येक शिवारांत आता कारखाने उभे आहेत. जमीन गेली आणि पैसा आला. जमीन कुणी खिशात घालून नेत नाही, पैसा मात्र बघता बघता जातो. म्हणून तो ठेवायचा कुठे, हा आपल्या घराघरांतला प्रश्न झाला आहे.

पोस्टाची बचत बँक १८८२ सालापासून चालू आहे. तिच्यातल्या ठेवीला केंद्र सरकारची हमी असते. बँक बुडाली तर २०२० सालापासून ठेव विम्याचे जास्तीत जास्त पाच लाख रुपये मिळतात. पतसंस्थेतल्या ठेवीला तर तो विमाही नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले आणि २०२२ साली तिचा परवानाच रद्द झाला. मधली नऊ वर्षे ठेवीदारांनी कशी काढली, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक!

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. सरकारची हमी खात्यात जमा झालेल्या पैशाला आहे. एजंटाच्या पिशवीतल्या पैशाला नाही. माझी आई निरक्षर होती. कांद्याची पट्टी हाती आली की ती पोस्टात जाई आणि पासबुकावर शिक्का बघितल्याशिवाय खिडकीपासून हलत नसे. पोस्टमास्तर ओळखीचे होते, तरीही! कुणी हसले तर म्हणे, "वळख हाय म्हणून शिक्का नको व्हय?"

उत्तर प्रदेशातल्या एका जोडप्याने १९९०च्या दशकात किसान विकास पत्रे घेतली होती. पुढे ती बदलीच्या कामासाठी एजंटाच्या हाती दिली आणि ती परस्पर वटवली गेली. त्यात पोस्टातल्या कर्मचाऱ्याचाही हात होता. अशा लबाडीला टपाल खाते जबाबदार आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. न्याय मिळाला खरा, पण तोवर किती वर्षे गेली!

तेव्हा एजंट भाऊबंद असला तरी पासबुक आपल्या घरी ठेवा. दर भरण्याची नोंद आणि शिक्का स्वतः बघा. खात्याला आपला मोबाईल नंबर जोडून घ्या. वारसाचे नाव लावा. पैसे काढण्याच्या कोऱ्या अर्जावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका. शिक्का बघितला म्हणून चांगला माणूस रागावत नाही. जो रागावेल, त्याच्याकडे पैसे देऊच नका.